नारळाखालची घागर

मी एक जुनी तांब्याची घागर आहे, मित्रांनो. जुनी असले तरी गळकी नाही, हे आधीच सांगून टाकते. उदगीर-देवणीच्या बाजूला कानडी मुलूख हाकेच्या अंतरावर, म्हणून तिकडे मला बिंदगीही म्हणतात. मी दोन्ही नावांना ओ देते. माझ्या कुशीला एक पोचा आहे. नवा माणूस तो बघून हळहळतो. ‘एवढी चांगली घागर, कुणी आपटली?’ म्हणून विचारतो. मला त्या पोच्याचा अभिमान आहे, आणि तो कसा पडला हे सांगायलाच आज मी तोंड उघडलंय. तसं ते कायम उघडंच असतं म्हणा!

माझा जन्म उदगीरचा. मलप्पा तांबटाने मला घडवलं. त्याने तांब्याचा पत्रा भट्टीत लाल केला, वाकवला, खालचा आणि वरचा भाग एकमेकांत बसवून जोड पक्का केला आणि मग ठोकत बसला. दोन दिवस ठोकत होता. माझ्या अंगावर जे छोटे छोटे गोल खळगे दिसतात ते त्याच्या हातोडीचे. दुसरं कुणी असतं तर एवढा मार खाऊन रडलं असतं. मी चमकायला लागले. शेवटी त्याने मला कानाशी धरून एक टिचकी मारली आणि माझा आवाज ऐकून मान डोलावली. ‘खणखणीत हाय’ एवढंच म्हणाला. त्याच्यासारख्या अबोल माणसाने केलेली ती मोठीच तारीफ होती.

बसम्माच्या लग्नात तिच्या बापाने मला आंदण दिलं. बैलगाडीत मला मांडीवर घेऊनच ती देवणीच्या वाटेवरच्या बेलसावरी गावात नांदायला आली. तिचा नवरा सिद्रामप्पा. पुढे तो गावचा सरपंच झाला, पण तेव्हा मिसरूड फुटलेला लाजरा मुलगा होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी कपाळाला विभूती लावून, डोक्यावर चुंबळ ठेवून बसम्मा मला विहिरीवर घेऊन गेली. चुंबळ म्हणजे कापड गुंडाळून केलेलं कडं. त्याच्यावर मी बसले की राणीसारखी बसते.

तिथून पुढे तीस-पस्तीस वर्षं मी एक दिवसही घरी बसले नाही. दिवसाला आठ खेपा, सणावाराला बारा. चिंचेने घासून घेतलं की मी अशी लखलखायचे, की विहिरीवर बायका माझ्यात बघून कुंकू नीट करायच्या. बहात्तरच्या दुष्काळात बसम्मा खडी फोडायला जायची, तेव्हा मी खडीच्या ढिगाच्या सावलीत तोंडावर ओला फडका बांधून बसायचे. भर दुपारी माझ्यातलं पाणी गारच निघायचं. पोटात पाणी असलं की माझं अंगही गार राहतं, हा माझ्या जातीचा गुण आहे, तो लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

‘मी सगळ्या गावाची तहान भागवली’ असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खोटं कशाला बोलू? विहिरीच्या पलीकडच्या अंगाला बौद्ध वस्तीतली धोंडाबाई आपली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, घागर घेऊन उभी असायची. तिच्याबरोबर तिची चिमुरडी पंचशीला असायची. बसम्मा त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतायची, पण मला त्यांचा हात लागू द्यायची नाही. मी तेव्हा त्याचा विचार केला नव्हता. घागरीने आपलं वर उचलायचं आणि ओतायचं, एवढंच मला ठाऊक होतं. आता मात्र त्या गोष्टीची लाज वाटते.

आमच्याकडे भरल्या घागरीला मोठा मान. कुणी गावाला निघालं आणि वाटेत भरली घागर भेटली की काम होणार म्हणून समजा. रिकामी भेटली तर माणूस परत फिरून दोन घटका ओसरीवर बसतो आणि मग निघतो. मोठा पाहुणा यायचा असला की वेशीत सुवासिनी भरल्या घागरी घेऊन उभ्या राहतात. घागरीच्या तोंडात आंब्याची पानं, वर नारळ. मी अशी कितीतरी वेळा उभी राहिले. लग्नाची वऱ्हाडं पाहिली, नव्या मास्तरांचं स्वागत केलं, मठाचे स्वामी पाहिले. त्यातली अर्धी ऐट माझीच असायची.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. आमच्या गावात त्याचे पेढे वाटले. त्यानंतर चौथ्या वर्षी मोठा दुष्काळ पडला. विहिरीचा तळ दिसायला लागला. पहाटे झरून जेवढं साचेल तेवढं घरटी दोन घागरी वाटून घ्यायचं. बाकीच्यासाठी दोन कोसांवरच्या ओढ्यात वाळू उकरून झिरा केला होता, तिथे वाटीवाटीने मला भरावं लागायचं. आता मला वाहायचं काम बसम्माची सून शिवगंगा करत होती. एका घागरीला अर्धा दिवस जायचा. सिद्रामप्पा टँकरसाठी तालुक्याला तीन अर्ज देऊन आला होता. ‘यादी होऊन राहिली, नाव येईल’ असं प्रत्येक वेळी सांगून त्याला परत पाठवलं होतं.

अशात ती सहल आली. हैदराबादेत कोरड्या मुलखातल्या जनावरांवर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. देशोदेशीचे गुरांचे डॉक्टर आले होते. भाषणं संपल्यावर पाहुण्यांसाठी सहली ठेवल्या होत्या. हवं त्याने नाव द्यायचं, नको त्याने हॉटेलात झोपायचं. बहुतेकांनी चारमिनार आणि गोवळकोंडा पसंत केला. उदगीरचा किल्ला, देवणी जातीचा बैल आणि ‘खेड्यातले पारंपरिक स्वागत’ या सहलीला अकरा जणांनी नाव दिलं. छापील कागदावर आमच्या गावाच्या वाट्याला वीस मिनिटं होती. तरी नव्या जिल्ह्यात केवढी धावपळ! परदेशी पाहुणे पहिल्यांदाच येणार होते. ‘जिल्ह्याची इज्जत तुमच्या हातात आहे’ असा निरोप सिद्रामप्पाला आला. पाहुण्यांबरोबर तालुक्याचे एक साहेब येणार होते, आणि टँकरच्या गावांची यादी त्याच साहेबांच्या वहीत होती.

सिद्रामप्पाने ओसरीवर चार माणसं बसवली. अकरा पाहुणे, म्हणून अकरा घागरी हव्यात असं ठरलं. पण अकरा घागरी पाणी नुसतं मिरवायला वेशीत उभं केलं, तर अकरा घरांनी त्या दिवशी प्यायचं काय? मग सिद्रामप्पा म्हणाला, “पानं लावा, वर नारळ ठिवा. आत डोकावून कोन बगतंय?”

मी कोपऱ्यात होते. रिकाम्या पोटाने सगळं ऐकत होते.

स्वैपाकघराच्या दारातून शिवगंगा बसम्माला हळूच म्हणाली, “आत्याबाई, रिती घागर भरली म्हनून मिरवायची? साहेबाला पानी न्हाई म्हनून सांगायचंय का हाय म्हनून?”

“तुझे मामा बगतील ते,” बसम्मा सासऱ्यांकडे बोट दाखवत म्हणाली. “पाहुण्याम्होरं रिती घागर धरत्यात का यव्वा? टँकरचं मागून सांगतील.”

मार्च महिना, अकराचं ऊन. वेशीत अकरा बायका रांगेने उभ्या. पहिली बसम्मा, शेजारून आणलेली पितळी घागर घेऊन. शेवटची शिवगंगा, डोक्यावर मी. बाजूला गुंडप्पाचा देवणी बैल, अंगावर आरशांची झूल, शिंगांना बेगड. झूल एवढी लांब घातली होती, की खालच्या बरगड्या दिसू नयेत. म्हणजे सोंग एकट्या माझंच नव्हतं. भरलेली असते तेव्हा मी चुंबळीवर निवांत बसते, हात धरावा लागत नाही. त्या दिवशी वरच्या नारळाने मी डुगडुगत होते आणि शिवगंगाला मला एका हाताने धरून ठेवावं लागत होतं.

बस आली. हलगी वाजली. पाहुणे उतरले, कुणी गोरे, कुणी काळे, गळ्यात कॅमेरे. त्यांच्याशी इंग्रजी बोलायला लातूरच्या कचेरीतून एक मुलगी आली होती. मी तिला लगेच ओळखलं. ती धोंडाबाईची पंचशीला होती. बी.ए. होऊन नव्या जिल्ह्याच्या कचेरीत लागलेली, इस्त्रीची साडी, हातात घड्याळ. आमच्या रांगेसमोरून जाताना तिने मान खाली घालून बसम्माला नमस्कार केला.

साहेब रांग बघून खूष झाले. सिद्रामप्पाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “काय सरपंच, पाण्याची बोंब मारत होता न् तुम्ही! अकरा घागरी डोक्यावर हायत की. तुमचं नाव या खेपेला गाळतो. तुमच्यापेक्षा जास्ती नड असलेली गावं हायत.” त्यांनी खिशातली वही काढली, पेन उघडलं आणि एक ओळ खोडली.

सिद्रामप्पाच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण ओठ पांढरे पडले. पाहुण्यांसमोर बोलायचं कसं? हार हातात, हलगी वाजतेय, आणि टँकर चालला. शिवगंगाने ती ओळ खोडताना पाहिली. मी तिच्या डोक्यावर होते, तिची मान ताठ झालेली मला कळली. त्या एका ओळीत तिचा पुढचा अख्खा उन्हाळा होता. रोजचे दोन कोस जायचे, दोन यायचे, आणि मध्ये वाटीने वाळूतलं पाणी उपसायचं. मित्रांनो, मी आयुष्यात कधी गळले नाही, पण त्या वेळी मला वाटलं, आपल्याला तोंड एवढं मोठं दिलं आणि जीभ का नाही दिली?

पाहुण्यांत नलेदी नावाच्या एक बाई होत्या. आफ्रिकेतल्या बोट्सवाना देशाच्या, उंच, सावळ्या, गुरांच्या डॉक्टर. बाकीचे फोटो काढत होते. या बाई सरळ बैलाकडे गेल्या. त्याच्या मानेवर थोपटलं, झूल हळूच वर केली आणि बरगड्यांवरून बोट फिरवलं. झूल परत नीट सारखी केली, जशी दुसऱ्याच्या घरातली वस्तू आपण जागच्या जागी ठेवतो. मग रांगेवरून सावकाश चालत शिवगंगासमोर येऊन थांबल्या. मलप्पाचे ठोके बघायला म्हणून त्यांनी माझ्यावर तळवा टेकवला. मी उन्हाने भाजत होते. त्यांनी हात काढला नाही. शिवगंगाच्या मानेकडे पाहिलं, मला धरलेल्या हाताकडे पाहिलं आणि पंचशीलाला खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं.

पंचशीला शिवगंगाच्या अगदी जवळ आली. “वैनी, बाई म्हनत्यात, भरलेली घागर उन्हात बी गार असती. ही तापलीय. त्यांच्याकडं बी चार वर्सं पाऊस न्हाई. ल्हानपणी त्यांनी बी डोक्यावर पानी वाह्यलंय, म्हनून मानेवरून वळखलं म्हनत्यात.” मग थांबून म्हणाली, “म्या साहेबाला सांगू का? तुमी म्हनाल तसं करते.”

शिवगंगाने क्षणभर समोर पाहिलं. समोर सासरे उभे होते. त्यांच्यासमोर ती आजवर डोक्यावरचा पदर ढळू न देता वावरली होती, चारचौघांत एक शब्द बोलली नव्हती.

“तू नगं सांगूस,” ती म्हणाली. “तू सांगितलंस तर म्हनतील, धोंडाबाईच्या पोरीनं गावाची लाज काढली. घागर माझ्या घरची हाय. मीच सांगते.”

तिने मला खाली घेतलं. नारळ काढून कमरेला धरला, पानं उपसून टाकली आणि साहेबांच्या पुढ्यात मला पालथी केली. वेशीत, पाहुण्यांसमोर, पालथी घागर! आमच्याकडे याहून अशुभ काही नाही. माझ्यातून एक वाळकं पान पडलं, थेंब पडला नाही. आणि मग तिने मला वेशीच्या दगडावर आपटलं. हाच तो पोचा.

मित्रांनो, मी वाजले. मलप्पाच्या टिचकीला वाजले होते त्याच्या शंभर पट वाजले. हलगी थांबली. रिकाम्या घागरीचा तो आवाज वेशीच्या कमानीखाली घुमत राहिला.

“साहेब, ही बगा आमची भरली घागर,” शिवगंगा म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण मोठा होता. “पानी न्हाई आमच्यात. वहीतलं खोडू नगा.”

“सूनबाई!” सिद्रामप्पा ओरडला. तोवर रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसम्माने आपली घागर खाली घेतली होती. तिनेही नारळ काढला आणि घागर पालथी केली. मग तिच्या शेजारणीने, मग तिच्या शेजारणीने. अकराच्या अकरा घागरी वेशीत पालथ्या पडल्या आणि जमीन कोरडी राहिली.

साहेबांचा चेहरा उतरला. “मग हे सोंग कशाला केलं, सरपंच?”

सिद्रामप्पाने हातातला हार खाली ठेवला. “सोंग न्हाई साहेब. पाहुणा वेशीत आला अन् रिती घागर आडवी आली, तर त्याच्या वाटंला इघ्न येतं, असं आमी मानतो. ही मान्सं समुद्रापल्याडनं आलीत, त्यांना परत घरी जायचं हाय. आमच्या दुस्काळापायी त्यांच्या वाटंत इघ्न कामून घालायचं?” आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या.

पंचशीलाने ते पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी कॅमेरे खाली केले. नलेदीबाई बसकडे गेल्या. तिथे पाहुण्यांसाठी उकळून आणलेल्या पाण्याचे दोन कॅन होते. त्यांनी आणि ड्रायव्हरने एक कॅन उचलून आणला. बाईंनी मला सरळ उभी केली, आपल्या हाताने माझ्यावरची धूळ पुसली आणि पाणी माझ्यात ओतलं. मी गळ्यापर्यंत भरले. ते पाणी बेलसावरीचं नव्हतं, पण पाण्याला कुठे गाव असतं? मी लगेच गार व्हायला लागले.

“आता हाय ही भरली,” सिद्रामप्पा डोळे पुसत म्हणाला. “आता स्वागत करा.”

शिवगंगाने मला पुन्हा डोक्यावर घेतलं. आता तिला मला धरावं लागलं नाही. हलगी परत वाजली. नलेदीबाईंनी दोन्ही हात वर करून ‘पुला’ असा शब्द उच्चारला. त्यांच्या भाषेत पुला म्हणजे पाऊस, आणि शुभ काही बोलायचं असलं की तिकडचे लोक तोच शब्द बोलतात, असं पंचशीलाने सांगितलं. मग बसम्माने पाहुण्यांना त्यांचंच पाणी पेल्यातून दिलं. शेवटचा पेला तिने पंचशीलापुढे धरला. पंचशीला थबकली. “घे बाई,” बसम्मा म्हणाली, “तूच भरून घे घागरीतनं, पायजे तेवढं.” पंचशीलाने मला हाताने तिरकं केलं आणि पाणी ओतून घेतलं. तेवढ्यासाठी मला पस्तीस वर्षं थांबावं लागलं होतं.

निघताना शिवगंगाने साहेबांची वाट अडवली. “वहीतलं वाचून दावा,” म्हणाली. साहेबांनी खोडलेल्या ओळीच्या खाली पुन्हा लिहिलं आणि वही पंचशीलाकडे दिली. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, “बेलसावरी. रोज एक टँकर.” आमच्या गावातली वीस मिनिटं सव्वा तासावर गेली होती. पुढचं ठिकाण पाहुण्यांनी रद्द केलं, आणि कुणी कुरकुर केली नाही.

टँकर पाचव्या दिवशी आला. त्या पाच दिवसांत सिद्रामप्पा सुनेशी एक शब्द बोलला नव्हता. टँकरचा भोंगा वाजला तशी शिवगंगा मला घ्यायला आली, तर मी जागेवर नव्हते. सरपंच स्वतः मला काखेत मारून रांगेत उभा होता. आयुष्यात त्याने कधी घागर उचलली नव्हती, त्यामुळे अर्धं पाणी धोतरावर सांडलं. घरी आणून ठेवल्यावर पोच्यावरून हात फिरवत म्हणाला, “सूनबाई, उदगीरला नेऊन ह्यो पोचा काढून आणू का?”

“राहू द्या मामा,” शिवगंगा म्हणाली. “त्याच्यामुळंच टँकर आला.”

आज सिद्रामप्पा नाही, बसम्मा नाही. घरात नळ आहे, आठ दिवसांतून एकदा येतो. पाणी भरायला निळ्या-हिरव्या प्लॅस्टिकच्या पोरी आल्या आहेत. हलक्या आहेत बिचाऱ्या, उन्हात चार वर्षं टिकत नाहीत. मी माळ्यावर पडून असते. अंगावर हिरवट डाग पडले आहेत, गेल्या दिवाळीला चिंच लागली नाही. वाईट वाटतं, नाही असं नाही.

परवा मात्र शाळेत बाहेरगावचे पाहुणे यायचे होते. मुली मला न्यायला आल्या. त्यांनी मला घासलं, पानं खोचली, नारळ ठेवला. शिवगंगा आता म्हातारी झाली आहे, गुडघे धरून उठते. ती उठली, माझ्याजवळ आली आणि तिने मला बोटाने एक टिचकी मारली. मी वाजले. तिने नारळ उचलून मुलींच्या हातात दिला. “आदी पानी, मग नारळ,” म्हणाली. “पानी नसलं तर उघडीच न्या.”

त्या दिवशी नळ आला नव्हता. मी उघडीच गेले, आणि शाळेच्या व्यासपीठावर उघडीच उभी राहिले. मला जराही लाज वाटली नाही.

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं. मला माळ्यावर टाकू नका, अधूनमधून चिंचेने घासा, पाणी असेल तर भरा. आणि नसेल तर पानाफुलांनी माझं तोंड झाकू नका. कुणी कितीही सजवून मला तुमच्यासमोर उभं केलं, तरी आधी एक टिचकी मारून बघा. मी खरं तेच सांगेन.